तुरा हलला की मंजूर

१

पगडी सापडली. जराशी काळी झाली होती, तुऱ्याची टोकं झडली होती, पण सापडली. आणि ज्याने नेली त्याला काहीही झालं नाही.

हे तुम्ही वाचलं नाही असं समजा. साखरधरा संस्थानच्या कचेरीत असंच समजतात. एखादी गोष्ट झाली की आधी ती झालीच नाही असं धरायचं, आणि मग ती रीतसर होईपर्यंत वाट बघायची. तेव्हा पगडी अजून सापडलेली नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ आहे, दरबार हॉलमधल्या गादीवर पगडीच्या जागी एक गोल खळगा उरला आहे, आणि त्या खळग्याकडे बघत निकिता मनात म्हणते आहे, गेली. माझी वणीची नोकरी गेली.

साखरधरा म्हणजे केळापूरच्या पलीकडे, वणीच्या रस्त्याला लागून असलेलं बारा गावांचं संस्थान. संस्थान जाऊन जमाना झाला. कचेरी मात्र गेली नाही, कारण कचेरी बंद करण्याचा कागद तेव्हाच्या महाराजांच्या पगडीपुढे ठेवला होता आणि तुरा हलला नव्हता.

तुऱ्याचा नियम असा. महाराज गावात नसले की गादीवर त्यांची पगडी बसते. पगडी बसली म्हणजे महाराज बसले. तिच्यापुढे कागद ठेवायचा, हात जोडायचे, आणि वाऱ्याने तुरा हलला की कागद मंजूर. नाही हलला तर फेरविचारार्थ. वारा छताच्या पंख्याचा किंवा निसर्गाचा चालतो. पुठ्ठ्याने वारा घालणं, टेबलफॅन आणणं आणि जवळ जाऊन शिंकणं हे महाराजांवर दबाव आणण्यात मोडतं.

वानरं येतात म्हणून हॉलच्या खिडक्या पत्रे ठोकून बंद केल्या आहेत. पंखा पोळ्याला जळाला. पंखा दुरुस्तीचा कागद पगडीपुढे ठेवला आहे.

त्याच ढिगात निकिताचा कार्यमुक्तीचा अर्जही होता. वणीच्या एका पतसंस्थेत तिला हिशेबनीसाची जागा मिळाली होती. अट एकच, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नोकरीतून सुटल्याचा कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलावणार. दोन वर्षं तिने या कचेरीत एका पगडीच्या नावाने आवक-जावक केली होती. आता तिला जिवंत साहेब हवा होता. रागीट असला तरी चालला असता.

"पोलिसांत कळवू का महाराज?" तिने विचारलं.

महाराज धैर्यशील संध्याकाळीच दरबारासाठी नागपूरहून आले होते. तिथे त्यांची बाथरूमच्या टाइल्सची एजन्सी आहे. ते खळग्याकडे बघत म्हणाले, "काय कळवणार? महाराज चोरीला गेले? मी तर इथे उभा आहे."

"मग?"

"मग तूच शोध. उद्या दुपारी दरबार आहे. त्याच्या आत पगडी आणि चोर दोन्ही समोर आण. तुझा कागद मी जातीने बघतो." ते जिन्याकडे वळले आणि थांबले. "नाही सापडली, तर तुझ्या प्रमाणपत्रावर लिहीन, की हिच्या काळात राज्य गेलं."

२

पगडी सकाळी दिवा लावताना होती आणि महाराज आले तेव्हा नव्हती. निकिता सकाळपासून नारळ आणि शेले आणायला पांढरकवड्याला गेली होती. महाराजांच्या गाडीच्या थोडी आधी परतली. मागे कचेरीत चौघं होते. बाहेर पडायला फाटक एकच, आणि फाटकावर देवसिंग.

देवसिंग तांड्यावरचा. मिशी अशी, की चोराने लांबूनच विचार बदलावा.

"काका, आज दिवसभरात कोणी बाहेर गेलं?"

"कोणी चोर नाही गेला जी."

"चोर म्हणून कोण जाईल? साधं कोणी?"

"साधंबी नाही गेलं."

"काही वस्तू?"

"एक काडी नाही गेली. या राजकुमारची थैली तपासली म्या आता. पकड, टेस्टर, अन् अर्धी भाकर. भाकर उलटीसुलटी करून पाह्यली."

"भाकर कायले?"

"गोल होती न."

राजकुमार बाजूलाच उभा होता, चेहरा पाडून. हा पंखेवाला पोरगा. नाव राजकुमार असलं तरी संस्थानाशी त्याचा संबंध वायरिंगपुरता. पंखा दुरुस्तीचा खर्च सांगायला तो पोळ्यापासून येत होता आणि खर्च ऐकून घ्यायलाही मंजुरी लागते असं त्याला दर वेळी सांगण्यात येत होतं.

"मले पगडी कायले लागते मॅडम? मी तं हेल्मेटबी नाही घालत."

"तू हॉलमध्ये गेलास का?"

"कुठी? हॉलमंधी जायाची मंजुरी नाही म्हणे. चौकात शिडीवर चढून मेन लाइन पाहून राह्यलो होतो. दुपारून देवसिंग काकानं वरडून खाली उतरवलं. मंग पुन्हा चढाचा मूडच नाही राह्यला."

शिडी डगमगती असेल, असं निकिताने धरलं. त्या इमारतीत न डगमगणारं काय होतं?

कांताबाई चौकात तोरणाला झेंडूची फुलं ओवत बसली होती. तिच्याकडे दिवाबत्ती. दोन्ही हात पाठीवर ठेवून, भिंतीला टेकून तिने जबाब दिला.

"सकाळी म्या दिवा लावला तवा महाराज होते गादीवर. मंग मी इथंच बसली. हाललीबी नाही."

"मावशी, इथून हॉलचं दार समोर दिसतं. कोणी आतून आलेलं दिसलं का?"

"दिसन कसं बाई? मान कुठी वर होती माही."

फुलं ओवताना मान खालीच असणार. निकिताने हेही धरलं.

राहिले कारभारी पुंडलिकराव. वय चौऱ्याहत्तर. यांचा सेवानिवृत्तीचा अर्ज त्या ढिगात सगळ्यात खाली होता, इतका जुना की त्यात उल्लेखलेली गुडघेदुखी बरी होऊन पुन्हा सुरू झाली होती. तसं पाहिलं तर कारण प्रत्येकाला होतं. कांताबाईला लेकीच्या बाळंतपणाला जायची रजा हवी होती, देवसिंगला बूट, राजकुमारला नुसतं 'हो' किंवा 'नाही'. रागाने पगडी विहिरीत टाकावी असं या कचेरीत कोणाच्या मनात आलं नसेल? निकिताच्या तर आलं होतं, दर सोमवारी.

"मी माझ्या कामात होतो," पुंडलिकराव सुपारी कातरत म्हणाले. ते काहीतरी गुणगुणत होते. पुंडलिकरावांना गुणगुणताना तिने पहिल्यांदाच ऐकलं. "मिळून जाईल पोरी. अन् नाही मिळाली तरी तू काहून एवढी जीव जाळतं?"

"काका, परवा मला वणीला हजर व्हायचंय."

गुणगुणणं थांबलं. ते तिच्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि मग पुन्हा सुपारीकडे वळले.

निकिता घरी जायला निघाली. हातात काही नाही. चोर नाही, पगडी नाही, कोणी खोटंही बोललेलं नाही. हे शेवटचं सगळ्यात तापदायक. खोटं बोलणारा माणूस निदान पकडता तरी येतो.

फाटकाशी कांताबाईने तिला हाक मारली. "बाई, तुह्याजवळ बाम हाय का? कंबर धरली माही."

"काय झालं?"

"काय होते? वाकनं. महाराज निघाले का वाका. एकडाव ठीक हाय. आज दोनदा वाकाव लागलं."

निकिताने बाम दिला, रस्त्याला लागली, आणि वडाजवळ येऊन जागच्या जागी उभी राहिली.

महाराज तर आज एकदाच आले होते.

३

वाकण्याचा नियमही सांगायला हवा. महाराज जिथून जातील तिथे पुढे चांदीची घंटी वाजते. घंटी ऐकली की असेल त्याने कमरेत वाकायचं, नजर स्वतःच्या पायाच्या नखावर ठेवायची आणि घंटीचा आवाज बंद होईपर्यंत वर बघायचं नाही. कोणी उंचावर असेल तर त्याने खाली उतरायचं, महाराजांच्या वर कोणी नको.

कोणी उंचावर असेल तर. शिडीवर, समजा.

दसऱ्याच्या सकाळी निकिता फाटकावर गेली तेव्हा देवसिंग मिशीला तेल लावत होता.

"काका, काल दुपारी महाराज बाहेर गेले होते का?"

"हाव, गेलते न."

निकिताने एक खोल श्वास घेतला. "मग मी काल विचारलं तेव्हा सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही चोराचं विचारलं. मंग साध्या माणसाचं विचारलं. मंग वस्तूचं विचारलं. महाराजाचं कुठी विचारलं?"

"महाराज तेव्हा नागपुरात होते काका."

"ते मले काय मालूम? घंटी आयकू आली, राजकुमारले शिडीवरून उतरवलं, वाकलो. महाराज कोठं चालले, हे इचाराची माही पायरी हाय का?"

"घंटी कोण वाजवत होतं? पगडी कोणाच्या हातात होती?"

देवसिंगने उजवा पाय पुढे केला आणि अंगठ्याकडे बोट दाखवलं. "म्या हे पाह्यलं. हे नख. याच्या वर काही नाही पाह्यलं."

तर पगडी चोरून नेलीच नव्हती. ती भर दुपारी, घंटी वाजवत, मानाने बाहेर पडली होती. हॉलमधून निघाली, चौकातून गेली, फाटकातून गेली, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने तिच्याकडे न बघण्याचं आपलं कर्तव्य चोख बजावलं होतं. संध्याकाळी महाराज गाडीतून उतरले तेव्हा सगळे पुन्हा वाकले; हे बाहेरून आत कसे येताहेत असं कोणाला वाटलं नाही, कारण दुपारी आतून बाहेर गेलेच होते.

साक्षीदार तीन आणि पुरावा म्हणून तीन अंगठे. निकिता फाटकाच्या पायरीवर बसली. दरबार दुपारी. एवढं सगळं उलगडून चोराचा एक केसही दिसला नव्हता.

मग तिला सुचलं, की कोणी काय पाहिलं हे विचारण्यात अर्थच नाही. ती उठली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत फिरली.

"काल तुम्ही किती वेळा वाकलात?"

कांताबाई म्हणाली, दोनदा, आणि बाम संपला. देवसिंग म्हणाला, दोनदा. राजकुमार खर्चाचा कागद घेऊन आजही आला होता. तो म्हणाला, "दोनदा मॅडम. एकडाव शिडीवरून उतरून, अन् संध्याकाळी गाडी आली तवा. काहून? त्याचे वेगळे पैसे लावता येते का?"

पुंडलिकराव कचेरीत नव्या धोतराची घडी बघत होते.

"काका, काल तुम्ही किती वेळा वाकलात?"

"एकदा," ते सहज म्हणाले. "संध्याकाळी. काहून?"

"दुपारी महाराज बाहेर गेले, तेव्हा नाही वाकलात?"

त्यांचा हात घडीवर थांबला.

"घंटी अख्ख्या आवारात ऐकू जाते," निकिता म्हणाली. "कांतामावशी वाकल्या, देवसिंगकाका वाकले, तो पोरगा शिडीवरून उतरून वाकला. या घरात घंटी वाजल्यावर एकच माणूस सरळ उभा असतो काका. जो महाराजांना घेऊन चालतो तो."

पुंडलिकरावांनी धोतर बाजूला ठेवलं. "पन्नास वर्षं आवाज न करता काम केलं," ते म्हणाले, "अन् पकडलं कायनं, तं न वाकल्यानं. दार लाव."

४

"चोरी नाही केली मी," पुंडलिकराव म्हणाले. "महाराजांना हवा खायला नेलं."

"कुठे?"

"पुलावर. वणीच्या रस्त्याला. पंखा जळाला, खिडकीले पत्रे. निसर्गाचा वारा चालते, असा नियम हाय का नाही? इथं निसर्ग येत नाही, तं म्हटलं महाराजांनाच निसर्गाकडं नेऊ. घंटी फाटकाबाहेर येईपर्यंत वाजवली. मग महाराजांना स्कुटीवर पुढं ठेवलं, अन् हळू नेलं. विशीच्या वर काटा जाऊ नाही देला. येताना देवसिंगनं विचारलंबी नाही; तो जाणाऱ्यालेच पाह्यते."

"का पण?"

"मले घरी जायचं हाय पोरी." हे त्यांनी इतकं साधं म्हटलं की निकिताला पुढचा प्रश्न विचारवेना. "लेक म्हणते, बाबा आता तरी या. नातू म्हणते, आबा तुम्ही कोणाची नोकरी करता? काय सांगू त्याले?"

पुलाच्या कठड्यावर त्यांनी शेला अंथरला, वर पगडी ठेवली, पुढे अर्ज ठेवला, दगडाने दाबला, हात जोडले. वारा नव्हता. ऑक्टोबरच्या उन्हात शेतातल्या कपाशीच्या पराटीचं पानही हलत नव्हतं. तेवढ्यात कोळशाचा एक ट्रक गेला.

"हलला," पुंडलिकराव म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "असा हलला तुरा. इकडून तिकडं. मंजूर झालो मी."

"मग पगडी?"

"मग दुसरा ट्रक आला. रिकामा, राजूरकडं परत चाललेला, लई जोरात. महाराज उठले, हवेत गेले, अन् मागच्या डाल्यात जाऊन बसले."

"नंबर? ट्रकचा नंबर बघितला ना तुम्ही?"

पुंडलिकराव तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं.

"महाराज जाऊन राह्यले होते," ते म्हणाले. "मी वाकलो न."

"काका, तुम्ही तर मला एकदाच वाकलो म्हणून सांगितलंत."

"तू कचेरीतलं विचारलं. पुलावर मी निवृत्त होतो. ते घरगुती वाकणं."

निकिताने डोकं टेबलावर ठेवलं. थोड्या वेळाने टेबलावरूनच म्हणाली, "मला महाराजांना तुमचं नाव सांगावं लागेल काका. नाहीतर माझा कागद होत नाही."

ते घाबरतील, हात जोडतील असं तिला वाटलं होतं. पुंडलिकराव उलट खुर्ची सरकवून तिच्या जवळ आले.

"सांग न. बिनधास्त सांग. सगळं सांग, तुरा हलल्याचंबी. मी आपल्या तोंडानं कसं सांगू?"

हे आनंदाने कबुली का देताहेत, हे तिने तेव्हा स्वतःला विचारायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात ट्रक होता.

५

ट्रक शोधायला घटकाभर वेळ पुरला. त्या रस्त्यावर रिकाम्या गाड्या चालवणारी अर्धी पोरं देवसिंगच्या तांड्यावरची. त्याने मेहुण्याला फोन लावला, मेहुण्याने आणखी दोघांना, आणि तिसऱ्याने विचारलं, "पगडी? ते बाबुलालच्या गाडीत हाय. देवीच्या फोटोपुढं."

राजकुमारच्या मोटारसायकलवर मागे बसून निकिता राजूरला गेली. चुनाभट्टीच्या कडेला, हार घातलेल्या ट्रकखाली चादर अंथरून बाबुलाल झोपला होता. त्याने उठून केबिनचं दार उघडलं. पगडी डॅशबोर्डवर होती, कोळशाने काळवंडलेली, अगरबत्तीसमोर. खिडकीतून भट्टीकडचा वारा येत होता आणि तुरा सारखा, थांबायचं नाव न घेता हलत होता.

"न्या जी," बाबुलाल नाखुशीने म्हणाला. "पण आली तवापासून गाडी एकडावबी बंद नाही पडली. काही मागा, हा तुरा हो म्हणते."

कालपासून महाराजांनी या रस्त्यावर काय काय मंजूर केलं असेल, याचा विचार निकिताने प्रयत्नपूर्वक केला नाही. आपला अर्ज बरोबर आणला नाही, एवढंच तिच्या मनात आलं. तिने कोरा कागद आहे का विचारलं. राजकुमारकडे खर्चाचाच कागद होता. त्याने तो आधीच घाईघाईने डॅशबोर्डवर ठेवला होता, पण बाबुलालने पगडी उचलून फडक्यात गुंडाळली.

राजकुमार कागदाची घडी करत म्हणाला, "मॅडम, एक सेकंद राह्यला असता."

६

दरबाराच्या आधी पगडी झटकून, पुसून महाराजांच्या हाती गेली. महाराज धैर्यशील गादीवर बसले, चौघं समोर उभे राहिले, आणि निकिताने घंटीपासून पुलापर्यंत आणि वाकण्यापासून ट्रकपर्यंत सगळं क्रमाने मांडलं. चांगलं मांडलं. देवसिंगने दोनदा मान डोलावली. कांताबाई म्हणाली, "बाप्पा, वकील व्हाव या पोरीनं."

महाराजांनी पगडी गुडघ्यावर ठेवून फिरवून बघितली. मग त्यांनी पुंडलिकरावांना विचारलं, "पहिला ट्रक गेला तेव्हा तुरा हलला?"

"निकिताबाईंनी सांगितलंच जी."

"वारा निसर्गाचा?"

"ट्रकचा होता," निकिता म्हणाली.

"रस्ता खुला, आकाश खुलं. तुम्ही फुंकर मारली नाहीत ना पुंडलिकराव? मग निसर्गाचाच. अर्ज मंजूर. पहिल्या ट्रकापासून तुम्ही सेवानिवृत्त."

पुंडलिकराव वाकले. या वेळी अगदी खाली.

"आणि माझा कागद महाराज," निकिता म्हणाली. "पगडी आणली. चोर आणला."

"थांब. पगडी गेली ती दुसऱ्या ट्रकवर. बरोबर?"

"हो."

"तेव्हा पुंडलिकराव नोकरीत नव्हते. कारभाऱ्याची जागा रिकामी झाली की कचेरीतला लिपिक आपोआप कारभारी होतो, ही चाल आहे. कचेरीत लिपिक एकच." महाराजांनी बोटांवर हिशेब केला आणि तो त्यांना पटला. "म्हणजे पगडी हरवली तेव्हा तिची जबाबदारी कारभाऱ्यावर, आणि कारभारी तू. तुला शोधायला सांगितलेला चोर सापडला की."

राजकुमारला हसू आलं आणि त्याने ते खोकून झाकलं.

"मी नारळ आणायला गेले होते," निकिता म्हणाली.

"परवानगी न घेता मुख्यालय सोडलंस, तेही लिहावं लागेल. पण मी रागावलो नाही. तू शोधून आणलीस, हे खुलाशात नमूद कर."

"आणि कार्यमुक्ती? तुम्ही जातीने बघतो म्हणाला होतात."

"बघतो की. पण तो अर्ज लिपिकाचा आहे आणि लिपिक आता राहिलेली नाही. कारभारी म्हणून नव्याने दे. आज सण आहे, सणाला कागद काढत नाहीत. मी उद्या पहाटेच निघतोय, तेव्हा पगडीपुढे ठेव." ते उठले. "आणि हो, पुन्हा असं व्हायला नको म्हणून नागपूरहून काचेची पेटी मागवली आहे. रात्रीच बसवतील. किल्ली माझ्याकडे राहील."

चौकात आपट्याची पानं वाटली गेली. पुंडलिकरावांनी निकिताच्या हातावर पान ठेवलं, तिच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं आणि म्हणाले, "मले माहीत होतं जागा तुह्यावर येईल. पण पोरी, तू तरुण हायेस." मग ते फाटकातून बाहेर पडले. देवसिंगने त्यांची पिशवी तपासली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकिताने पतसंस्थेला फोन केला. मॅनेजर सज्जन होते. कागद आणण्यासाठी त्यांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. त्यानंतर मात्र इलाज नाही म्हणाले.

ती कारभाऱ्याच्या खुर्चीवर बसली. कारभारी म्हणून तिने नवा अर्ज लिहिला, कारभारी म्हणूनच त्यावर 'शिफारस' असा शेरा मारला आणि काचेच्या पेटीपुढे नेऊन ठेवला. आत पगडी बसली होती, घट्ट, स्वच्छ, शांत. तुरा एखाद्या फोटोतल्यासारखा स्थिर होता. निकिताने त्याच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, परत आली, आणि कचेरीच्या शिक्क्याचा एक कोरा कागद पुढे ओढला.

प्रति,
मा. प्रमुख, हवामान विभाग

विषय : वारा मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, या कार्यालयास प्रशासकीय कारणास्तव मध्यम गतीच्या वाऱ्याची तातडीने आवश्यकता आहे. तरी येत्या सोमवारपूर्वी, कार्यालयीन वेळेत, मौजे साखरधरा येथील दरबार हॉलमध्ये एक वेळ वारा सोडण्यात यावा. खिडक्या बंद असल्याने सदर वारा बाहेरून येऊ शकणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी. तसेच तो काचेच्या पेटीच्या आत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, डावीकडून उजवीकडे वाहील अशी व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
निकिता
कारभारी (प्रभारी), साखरधरा संस्थान